घराच्या उंबरठ्याआधीची पहिली रक्कम

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या दीर्घ अनुभवातून आली आहे. घर उभे करताना माणसाचा कस लागतो, असे ती सांगते. परंतु ज्या कुटुंबात मागील कोणत्याही पिढीच्या नावावर पक्के घर नव्हते, त्या कुटुंबाचा कस पायाचा पहिला दगड बसण्याच्या कितीतरी आधी लागतो. असे कुटुंब वर्षानुवर्षे दरमहा घरभाडे भरत असते. तेवढ्याच किंवा थोड्या अधिक रकमेचा कर्जाचा हप्ता भरण्याचीही त्याची तयारी असते. अडते ते एकाच ठिकाणी. घर ताब्यात येण्यापूर्वी एकरकमी द्यावयाचा स्वतःचा हिस्सा त्याच्यापाशी नसतो. या हिश्शाला बँकेच्या व्यवहारात स्वहिस्सा अथवा डाउन पेमेंट म्हणतात. खेड्यातील व्यवहारात त्याचेच पहिले रूप म्हणजे इसार.

गृहनिर्माणाच्या शासकीय योजनांविषयी बोलताना अनुदान किती, व्याज किती आणि घराचे क्षेत्रफळ किती यांची चर्चा होते. अनुदान केव्हा हाती पडते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. पहिल्या पिढीच्या घरमालकाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार येथे केला आहे.

पहिल्या पिढीचे घरमालक

२०२३ पर्यंत औरंगाबाद या नावाने ओळखले जाणारे हे शहर मराठवाड्यातील कष्टकरी कुटुंबांचे मोठे आश्रयस्थान आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर रेल्वे स्टेशन परिसर, चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती विकसित होत गेल्या. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांचे असंख्य लहान-मोठे उद्योग उभे राहिले. १९७१ च्या जनगणनेत सुमारे दीड लाख लोकसंख्या असलेल्या या शहराची २०११ ची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर गेली.

वाढीच्या या काळात कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, गंगापूर यांसारख्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतून कुटुंबे शहरात आली. त्यांपैकी अनेकांचे गावी मातीचे घर होते; परंतु ते गावठाणातील सामाईक जागेवर, आजोबांच्या नावावर किंवा कोणाच्याच नावावर नसलेले असे होते. अशा घरावर बँक कर्ज देत नाही, ते विकून रक्कम उभी करता येत नाही आणि त्याच्या कागदपत्रांचा पुढच्या पिढीला उपयोग होत नाही. राहायला छप्पर होते, पण मालमत्ता नव्हती. या अर्थाने रांजणगाव किंवा बजाजनगर येथे एका खोलीत भाड्याने राहणारा कामगार हा त्याच्या घराण्यातील घर विकत घेणारा पहिलाच माणूस ठरतो.

ज्याच्या वडिलांचे स्वतःचे घर असते, त्याला तीन गोष्टी न मागता मिळतात. अडचणीच्या वेळी घरातून रक्कम मिळते, कर्जासाठी जामीनदार मिळतो आणि साठेखत, खरेदीखत, फेरफार हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले असतात. पहिल्या पिढीच्या खरेदीदाराला या तिन्ही गोष्टी बाहेरून मिळवाव्या लागतात.

एक साधा हिशेब

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. त्याहून मोठ्या कर्जासाठी हे प्रमाण कमी होत जाते. ९० टक्के ही कमाल मर्यादा आहे. तो खरेदीदाराचा हक्क नव्हे. उत्पन्नाचा लेखी पुरावा अपुरा असल्यास बँक यापेक्षा कमी कर्ज मंजूर करते.

उदाहरणादाखल १५ लाख रुपये किमतीचे घर विचारात घेऊ. त्यावर फार तर १३ लाख ५० हजार रुपये कर्ज मिळू शकेल. उरलेले १ लाख ५० हजार रुपये खरेदीदाराने आधी भरावयाचे असतात. याशिवाय १ टक्का नोंदणी फी, म्हणजे १५ हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क लागते. सर्वसाधारणपणे या बाबी बँक घराच्या किमतीत धरीत नाही. घराची किंमत १० लाखांपेक्षा अधिक नसेल, तर मात्र मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च किमतीत मिळवून कर्जाचे प्रमाण ठरविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांना दिली. आपल्या उदाहरणातील घराला ही मुभा लागू नाही. वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि सामान हलविण्याचा खर्च धरता कुटुंबाला प्रारंभीच २ लाख रुपयांहून अधिक रक्कम हाताशी ठेवावी लागते.

दरमहा ५ हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या कुटुंबाला २ लाख रुपये साठविण्यास ४० महिने लागतात. या ४० महिन्यांत भाडे थांबत नाही, मुलांचे शिक्षण थांबत नाही आणि घरांच्या किमतीही जागच्या जागी राहत नाहीत. मध्येच एखादे आजारपण आले की साठवलेल्या रकमेला हात लावावा लागतो आणि हिशेब पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

घाईचा इसार आणि बाँडपेपरवरचा प्लॉट

पहिली रक्कम जमत नाही तेव्हा दोन वाटा दिसतात आणि दोन्ही धोक्याच्या असतात. पहिली वाट सावकाराची. इसारासाठी चढ्या व्याजाने रक्कम उचलली की बँकेचा हप्ता आणि सावकाराचे व्याज ही दोन ओझी एकाच पगारावर पडतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परंतु गरजेच्या वेळी परवाना विचारण्याचे धैर्य थोड्यांनाच होते.

दुसरी वाट स्वस्त प्लॉटची. शहराच्या कडेला शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून वीस बाय तीस फुटांचे प्लॉट मुद्रांक कागदावरील नोटरी केलेल्या करारावर विकले गेले. ‘बाँडपेपरवरचा प्लॉट’ या नावाने हा व्यवहार सर्वांना परिचित आहे. येथे बँक लागत नाही, रक्कम तुकड्यातुकड्याने देता येते आणि ताबा लगेच मिळतो. म्हणूनच ज्याच्यापाशी एकरकमी हिस्सा नाही, तो या वाटेने गेला. या वसाहतींना गुंठेवारी असे नाव पडले. त्यांच्या नियमितीकरणासाठी राज्याने २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ खुला केला. छत्रपती संभाजीनगर शहरात अशा वसाहती मोठ्या प्रमाणावर आहेत.

बाँडपेपरची खरी किंमत नंतर कळते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. मालकीचा पुरावा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. आणि स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी जे शासकीय अनुदान आहे, त्यासही कुटुंब मुकते. स्वस्त पडलेली पहिली रक्कम अशा रीतीने पुढील सर्व साहाय्याची दारे बंद करते. नियमितीकरणाचा अर्ज वेळेवर करणे हा अशा कुटुंबांच्या दृष्टीने केवळ कर भरण्याचा विषय नाही. घरावर कर्ज व अनुदान मिळण्याची ती पहिली पायरी आहे.

सिडकोच्या घरांनी दिलेला धडा

याच शहरात वेगळा अनुभवही जमेस आहे. १९७२ मध्ये सिडकोकडे नवीन औरंगाबादच्या नियोजनाचे काम सोपविण्यात आले. एन-१ पासून पुढे क्रमांक दिलेल्या विभागांत सिडकोने टप्प्याटप्प्याने वीस हजारांहून अधिक घरे बांधली. २००६ मध्ये हा भाग देखभालीसाठी महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाला. अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेली अनेक घरे आरंभी अगदी लहान होती. खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि पुढे-मागे थोडी मोकळी जागा एवढाच त्यांचा पसारा असे. कुटुंबाची कमाई वाढली तशी खोली वाढली आणि नंतर मजला चढला. आज सिडकोच्या गल्ल्यांतून फिरताना मूळ घर ओळखूही येत नाही.

या अनुभवाचे तात्पर्य असे की घर सुरुवातीस लहान असले तर प्रारंभीची रक्कमही लहान राहते. आणि जागेचे अभिलेख पहिल्या दिवसापासून व्यवस्थित असले, तर पुढची वाढ कुटुंब स्वतःच्या बळावर करते. गुंठेवारीतील कुटुंबानेही कष्ट तेवढेच केले, विटाही तेवढ्याच रचल्या. अंतर पडले ते पहिल्या कागदामुळे.

साहाय्य आहे, पण ते केव्हा मिळते?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या कर्जसंलग्न व्याज अनुदानाची मुदत मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये संपली. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा अमलात आला असून पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांना साहाय्य देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेली कुटुंबे दुर्बल गटात, ३ ते ६ लाखांची अल्प उत्पन्न गटात आणि ६ ते ९ लाखांची मध्यम उत्पन्न गटात मोडतात. देशात कोठेही पक्के घर नसणे आणि मागील २० वर्षांत कोणत्याही शासकीय गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसणे या मुख्य अटी आहेत.

व्याज अनुदानाच्या घटकात ३५ लाखांपर्यंत किमतीचे घर व २५ लाखांपर्यंतचे कर्ज ग्राह्य धरले जाते. त्यांतील पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज अनुदान मिळते. ही रक्कम कमाल १ लाख ८० हजार रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजार याप्रमाणे, कर्जखात्यात जमा होते. आपल्या १५ लाखांच्या घराच्या उदाहरणात ही रक्कम खरेदीदाराच्या दीड लाखाच्या हिश्शापेक्षाही अधिक भरते. परंतु हिस्सा घर घेण्यापूर्वी द्यावा लागतो आणि अनुदान कर्ज सुरू झाल्यानंतर मिळते. साहाय्य निश्चित आहे. मात्र त्याची भेट उंबरठा ओलांडल्यावर होते.

भागीदारीतील परवडणारी घरे या घटकात महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे १ लाख ५० हजार आणि राज्याचे किमान १ लाख असे साहाय्य मिळते. हे साहाय्य प्रकल्पाकडे जाते आणि घराची किंमत तितकी कमी होते. येथे प्रारंभीचा भार खरोखरच हलका होतो. तथापि, सोडतीत नाव लागलेल्या कुटुंबाला उरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरावी लागते आणि ती न भरल्यास वाटप रद्द होऊ शकते. म्हाडासारख्या संस्थेच्या सोडतीसाठी अर्ज करतानाच कर्जाची पूर्वतयारी करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. नाव लागल्यावर बँकेच्या पायऱ्या चढू लागणाऱ्याला मुदत अपुरी पडते.

स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी असलेल्या घटकातही तेवढेच साहाय्य आहे. पण ते बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्याने बँक खात्यात येते. जागा मात्र आधीच कुटुंबाच्या मालकीची असावी लागते.

ज्यांना पगारपत्रक नाही अशा रिक्षाचालक, फेरीवाले, घरकामगार यांच्यासाठी आणखी एक व्यवस्था उल्लेखनीय आहे. अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जासाठी २०१२ मध्ये पतजोखीम हमी निधी स्थापन करण्यात आला. कर्ज थकल्यास बँकेचे होणारे नुकसान काही प्रमाणात हा निधी भरून देतो. त्यामुळे तारण जामीनदाराविना कर्ज देण्यास बँकेला आधार मिळतो. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात या निधीचे आकारमान १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी रुपये करण्यात आले. घराण्यात जामीनदार नसलेल्या खरेदीदाराला हमी देणारा हा एक प्रकारे शासकीय वडीलधारा होय.

आधी हाती येणारे साहाय्य

ग्रामीण भागात इंदिरा आवास योजनेपासून, म्हणजे १९८५ पासून, घरकुलासाठी अनुदान देण्याची परंपरा आहे. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये असे तिचे मूळ साहाय्य असून केंद्र व राज्याचा वाटा ६० व ४० टक्के आहे. राज्याच्या स्वतःच्या योजनांत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठी २००८ पासूनची रमाई आवास योजना, आदिवासींसाठी शबरी योजना, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणि इतर मागास वर्गासाठी २०२३ मध्ये सुरू झालेली मोदी आवास योजना यांचा समावेश होतो.

या सर्व योजनांत अनुदान बांधकामासाठी मिळते. यादीत नाव आले, मंजुरी मिळाली, पण घर बांधण्यास जागाच नाही, अशी अनेक कुटुंबांची स्थिती असते. सालदार म्हणून दुसऱ्याच्या शेतवस्तीवर राहिलेले, ऊसतोडीसाठी वर्षातील अर्धा काळ गावाबाहेर असणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेले कुटुंब यांत प्रामुख्याने येते.

अशा कुटुंबांसाठी राज्य शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना सुरू केली. घरकुलास पात्र पण भूमिहीन असलेल्या लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी प्रारंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात येत असे; पुढे ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. प्रत्यक्ष किंमत व मर्यादा यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. रक्कम मोठी नाही, परंतु तिचे वैशिष्ट्य तिच्या वेळेत आहे. घराच्या प्रवासातील पहिल्या खर्चालाच ती उपयोगी पडते. पहिल्या रकमेच्या साहाय्याचे महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण हेच म्हणावे लागेल. गावठाणालगत एक लाखात पाचशे फूट जागा मिळणे सर्वत्र शक्य नसते, ही या योजनेपुढील अडचण आहे. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन अनेक लाभार्थ्यांसाठी एकाच मालकाशी बोलणी केल्यास ती काहीशी सुकर होते.

ज्यांनी शासकीय जमिनीवर पूर्वीच निवारा उभारला आहे, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये राज्याने १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे विहित अटींवर नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले. गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. आजोबांच्या मातीच्या घराला प्रथमच कागद मिळतो, हा या योजनेचा खरा अर्थ आहे. ज्या घराला कागद आहे, ते पुढच्या पिढीच्या घरासाठी तारण होऊ शकते.

स्वतःच्या बचतीचा आधार

कारखान्यातील कामगाराकडे पहिल्या रकमेचा एक साठा बहुधा असतोच. त्याची जाणीव मात्र नसते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मध्ये घर घेण्यासाठी अथवा बांधण्यासाठी स्वतःच्या खात्यातून रक्कम काढण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये गृहनिर्माण संस्थेमार्फत घर घेणाऱ्या सदस्यांना स्वहिश्शासाठी ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येईल, अशी दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने रक्कम काढण्याचे १३ वेगवेगळे नियम एकत्रित व सोपे करण्याचा निर्णय घेतला. नियम बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम पाहणे इष्ट. कंत्राटी कामगाराने नोकरी बदलताना जुने खाते नव्याशी जोडून घेणे विशेष आवश्यक आहे. चार ठेकेदारांकडे विखुरलेली लहान रक्कम एकत्र आली, तर घराच्या हिश्शाचा मोठा भाग त्यातूनच निघू शकतो.

या मार्गाचे जगातील प्रसिद्ध उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथे १९६८ पासून नागरिकांना भविष्य निधीतील रक्कम सार्वजनिक गृहनिर्माण मंडळाच्या घराच्या पहिल्या रकमेसाठी व हप्त्यांसाठी वापरता येऊ लागली. बहुसंख्य कुटुंबांच्या मालकीची घरे असणे तेथे शक्य झाले, त्यामागे ही तरतूद हे एक प्रमुख कारण आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. ज्यांच्या आई-वडिलांचे स्वतःचे घर कधी नव्हते किंवा होते ते जप्तीत गेले, अशा खरेदीदारांच्या पहिल्या रकमेसाठी तेथे स्वतंत्र निधी निर्माण करण्यात आला. आपल्याकडील योजनांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले अशी व्याख्या असते. अर्जदाराच्या आई-वडिलांचे घर होते की नाही, हे विचारले जात नाही. त्यामुळे समान उत्पन्नाचे दोन अर्जदार एकाच रांगेत उभे राहतात. मात्र एकाच्या मागे वडिलांचे घर असते आणि दुसऱ्याच्या मागे काहीच नसते. भूमिहीनांसाठीची जागा खरेदी योजना हा भेद काही अंशी ओळखते. शहरी योजनांतही तो ओळखला जावा, असा विचार पुढे येण्यास वाव आहे.

इसार देण्यापूर्वी

पहिली रक्कम जमली तरी ती सुरक्षित राहणे तितकेच महत्त्वाचे असते. पहिल्या पिढीच्या खरेदीदाराची ती बहुधा आयुष्यातील एकमेव मोठी बचत असते. ती देण्यापूर्वी पुढील बाबींची खातरजमा करावी.

१. जागेचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका विकणाऱ्याच्याच नावावर आहे काय, अकृषिक परवानगी व मंजूर अभिन्यास आहे काय, हे मूळ कागदांवरून पाहावे.

२. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील व ८ हून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेरा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे प्राधिकरण २०१७ पासून कार्यरत आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय रक्कम देऊ नये.

३. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. अधिक रकमेची मागणी झाल्यास ती नाकारण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे.

४. रक्कम रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी व पावती घ्यावी. कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत मिळेल, असे कलम करारात लिहून घ्यावे.

५. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे घ्यावे. आवास योजनेत महिलेच्या मालकीस प्राधान्य आहे आणि केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे.

गावातील जाणत्यांचे काम

ज्या घराण्यात आजवर कोणी घर विकत घेतलेले नाही, तेथे कागद वाचून दाखविणारा माणूस बाहेरचाच असावा लागतो. ही भूमिका ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनाच पार पाडता येईल.

ग्रामपंचायतीने घरकुलाच्या यादीतील भूमिहीन कुटुंबे वेगळी काढून त्यांच्या जागेचा प्रश्न प्रथम हाती घ्यावा. यादी मंजूर झाल्यानंतर जागा शोधू लागल्यास मंजुरीचे वर्ष निघून जाते. नमुना ८ मधील नोंदी अद्ययावत ठेवणे, वारसांची नावे लावणे आणि गावठाणाच्या विस्ताराचा प्रस्ताव वेळेवर पाठविणे ही कामे दिसावयास लहान आहेत. परंतु एखाद्या कुटुंबाचे घर त्यांवर अवलंबून असते.

शिक्षकांना पालकांचा विश्वास लाभलेला असतो. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँक पासबुक यांवरील नावांत फरक असल्यामुळे अर्ज अडकून पडतात. शाळेत प्रवेश देतानाच हा फरक शिक्षकाच्या लक्षात येतो. तो दुरुस्त करून घेण्याचा सल्ला वेळीच दिला, तर पुढील अनेक फेऱ्या वाचतात. दरमहा ठरावीक रकमेचे आवर्ती ठेव खाते काढण्याचा सल्लाही तितकाच मोलाचा. साठलेल्या रकमेबरोबर नियमित बचतीचा पुरावाही तयार होतो आणि कर्ज देताना बँक तो विचारात घेते.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने वेळ हीच मुख्य बाब आहे. पात्र लाभार्थ्याचा हप्ता दोन महिने लांबला, तर कार्यालयाच्या नोंदवहीत ती प्रलंबित बाब एवढीच राहते. लाभार्थ्याला मात्र गवंड्याची मजुरी देण्यासाठी व्याजाने रक्कम आणावी लागते आणि अनुदानाचा काही भाग त्या व्याजातच जातो. अर्ज नाकारताना कारण लेखी व सोप्या भाषेत दिल्यास तोच अर्ज दुरुस्त होऊन पुन्हा येऊ शकतो.

घर पिढ्यांना जोडते, असे म्हटले जाते. व्यवहाराच्या भाषेत त्याचा अर्थ असा की एका पिढीने मिळविलेले निर्वेध घर पुढच्या पिढीच्या पहिल्या रकमेची सोय करून ठेवते. मुलाला किंवा मुलीला इसारासाठी सावकाराकडे जावे लागत नाही, बाँडपेपरवर विसंबावे लागत नाही आणि खरेदीखत वाचून दाखवावयास कोणी परका शोधावा लागत नाही. म्हणून पहिल्या पिढीच्या घरमालकाला योग्य वेळी दिलेले साहाय्य एका कुटुंबापुरते राहत नाही. ते एकदाच द्यावे लागते. त्याचा लाभ मात्र त्या घरातील पुढील प्रत्येक पिढीला होतो. मंजुरीच्या रकमेइतकेच तिच्या वेळेकडे लक्ष दिले, तर उंबरठ्याबाहेर थांबलेली अनेक कुटुंबे स्वतःच्या घरात प्रवेश करू शकतील.